मोजणीदारांचा केक

“नकाशा म्हणजे शेवटी थरच ना? थर लावण्यात माझा हात कोण धरणार!” केकवाल्या काकांनी छाती फुगवून ऑर्डर घेतली, तेव्हा भट्टीपाशी काकूंनी कपाळाला हात लावला.

ऑर्डर होती वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मोजणीदारांच्या लेकीची: बाबांच्या जुन्या नकाशाबरहुकूम केक. बाबांनी तरुणपणी डोंगरात तंबू ठोकून हा नकाशा काढला होता. आता गुडघे रुसलेले. तिथे पुन्हा जाणं कुठलं, जिन्याचीच मनधरणी करावी लागे! निदान वाढदिवसाला ती जागा त्यांच्यासमोर टेबलावर यावी, एवढीच तिची इच्छा.

“काका, नीट ऐका हं, यात मधोमध...”

“कळलं गं पोरी! जा तू निर्धास्त!”

तिने दिलेल्या नकाशाच्या झेरॉक्सवर रेषाच रेषा. कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळात वर्तुळं! काकांनी मोठ्यावर लहान, त्यावर आणखी लहान असे थर चढवले.

“अहो, हे बारीक आकडे कसले?” काकूंनी डोकावून विचारलं.

“भट्टीची आच असेल!”

“दोन हजार? भट्टीच वितळेल की! आणि एवढा उंच केलात तर मध्ये कच्चा राहील.”

“तू गप्प बस!”

संध्याकाळी लेक आली आणि जागच्या जागी थिजली. समोर पांढरंशुभ्र शिखर, टोकावर चेरी!

“काका, हे काय?”

“बाबांचा डोंगर!”

“अहो, ते तळं आहे! उंचीचे आकडे बघा ना, आत जाताना कमी होतायत!” तिचा आवाज रडवेला झाला. “बाबा सकाळपासून नवा सदरा घालून बसलेत हो...”

काकांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. नवा केक करायला वेळ कुठला? तोच उचलून तिघं जिना चढू लागले. अर्ध्या जिन्यात काकांचा पाय अडखळला आणि... फस्स! कच्चं शिखर चेरीसकट केकच्याच पोटात गडप! मधोमध हा भलामोठा खड्डा!

काका मटकन पायरीवर बसले. काकू मात्र धावत दुकानात गेल्या, निळ्या जेलीचं पातेलं घेऊन आल्या आणि खड्ड्यात उपडं केलं.

वर टेबलावर केक ठेवताच मोजणीदारांनी चष्मा पुसला. केकवर वाकले. मग बोटाने ढासळलेली कड दाखवत म्हणाले, “इथेच दरड कोसळली होती! नकाशातसुद्धा नाही ती. तुम्हाला कसं कळलं हो?”

लेकीने डोळे पुसले. काकांनी घसा खाकरला. “अभ्यास लागतो, साहेब!”

“वा! मग पुढच्या महिन्यात नातीच्या वाढदिवसाला शेजारचा सुळका करा. चांगला उंच!”

काकांनी घाबरून काकूंकडे पाहिलं. काकू त्यांच्या कानात पुटपुटल्या, “तुम्ही आपलं तळं करायला घ्या. सुळका आपोआप होईल!”