सिकंदर साउंडचा बत्तिसावा सत्कार

कर्तबगार माणूस गावात सत्कारावाचून मोकळा फिरणे ही गावाची बेअब्रू आहे, असा ठराव आमच्या शाहूपुरी गुणगौरव समितीने १९७६ च्या मार्चमध्ये एकमताने मंजूर केला. मी समितीचा सचिव. मोकळा फिरणारा माणूस म्हणजे सिकंदर, पूर्वीचा रेडिओ दुरुस्तीवाला. गुळाच्या वखारीवरच्या माळ्यावर त्याने स्टुडिओ थाटला होता. तिथे कसबा बावड्याच्या यल्लव्वाने इलेक्ट्रिक गिटारच्या साथीने म्हटलेलं ‘फटफटी थांबीव’ शाहूवाडीच्या चहाच्या टपरीपासून मुंबईच्या हॉटेलांपर्यंत वाजत होतं. मुंबईचे संगीतकार त्याची नक्कल करू लागले होते. आणि आम्ही साधा नारळसुद्धा दिलेला नव्हता! शरमेची गोष्ट.

सिकंदर म्हणाला, "मला येळ न्हाय. रेकॉर्डिंग हाय."

सत्कारमूर्तीस वेळ नसल्यास सत्काराने त्याच्याकडे जावे, असा पोटनियम आम्ही तातडीने केला आणि पन्नास माणसांनिशी माळ्यावर गेलो.

तिथे अडचण निघाली. आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींना गोणपाटं मारली होती. आमचे अध्यक्ष बाळासो यांचं भाषण त्यात पार मेलं. "ही काय भिंत म्हणायची? माझा आवाज गिळती की!" असं ते गरजले, तेही मेलंच. दुसऱ्या दिवशी समितीने गोणपाटं उतरवली. भाषणं खणखणीत घुमू लागली. गाणीही घुमू लागली, पण त्याबाबत समितीकडे लेखी तक्रार नाही.

मग काय, तालमी, पतसंस्था, भजनी मंडळं, सगळ्यांना जाग आली. आपलीच पेठ मागे का? वर्षभरात एकतीस सत्कार झाले. टेबल कमी पडलं म्हणून ड्रमवर कपबशा ठेवल्या. मुंबईहून आलेले गायक जिन्यात ताटकळून परत गेले. त्यांनाही आम्ही पेढा दिला, उगाच खोटं कशाला बोलू.

शेवटी रेकॉर्ड कंपनीने कळवलं, सोमवारी यल्लव्वाचं नवं गाणं हातात पडलं तर करार, नाहीतर राम राम. सिकंदरने गुपचूप गोणपाटं परत ठोकली, मुंबईहून वादक आणले आणि शनिवारी गाणं टेप केलं. रविवारी तो आणि यल्लव्वा ते ऐकत बसले असताना आम्ही अख्ख्या पेठेनिशी बत्तिसावा सत्कार घेऊन पोचलो.

सिकंदरला फेटा बांधला, शाल पांघरली, हार नाकापर्यंत आला. एका हातात नारळ, दुसऱ्यात मानपत्राची काच. बाळासो म्हणाले, "आज माझं भाषण टेप व्हाया पायजे."

"त्या टेपवर यल्लव्वाचं गाणं हाय!" सिकंदर हारातून ओरडला. "दुसरी टेप न्हाय माझ्याकडं!"

"गाणं काय, ती परत म्हणंल की. हे भाषण परत व्हायचं न्हाय."

"म्हणीन की," यल्लव्वा म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "पर वाजवणारी मानसं कालच गेली, आन् सायेब उद्या येनार. अण्णा, माझं गाणं पुसू नगासा. पाया पडतो तुमच्या."

ती खरंच वाकली. बाळासोंनी ‘यशस्वी भव’ असा आशीर्वाद दिला.

सिकंदर यंत्राकडे धावला, पण हात भरलेले. सत्काराचा नारळ जमिनीवर ठेवायचा कसा? माणूस रीतभात पाळणारा. तो क्षणभर घुटमळला, तेवढ्यात मी समाजसेवा म्हणून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं.

सोमवारी कंपनीचे साहेब चाळीस मिनिटं टेप ऐकत बसले. मग त्यांनी विचारलं, "गाणं कधी सुरू होतं?" शुक्रवारी स्टुडिओला कुलूप लागलं. यल्लव्वा उसाच्या तोडीला गेली, ती पुन्हा गायली नाही. समितीने दुखवट्याचा ठराव एकमताने मंजूर केला.

आता हे वाचून आपण मला बोल लावत असाल. लावा. बटण मी दाबलं, कबूल. पण परवा ती टेप मी पुन्हा लावली. ते गाणं पुसलं जात असताना त्यावर टाळ्यांचा जो कडकडाट आहे, तो काही समितीच्या आम्हा सात सभासदांचा नाही. सात माणसांच्या टाळ्या एवढ्या मोठ्या होत नाहीत.