एका घराचा एक घाम

आमच्या भागात एका घराला एकच घाम असतो. घरात माणसं चार असोत की चौदा, एका वेळी एकालाच घाम येतो, बाकीचे कोरडे. ओला तळहात दुसऱ्याच्या कपाळावर टेकवला की तो तिकडे जातो. घाम वाळताना अंगातली गरमी घेऊन जातो, म्हणून ज्याला गरज त्याला द्यायचा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नाही ते फक्त माझ्या धाकट्या भावाला, दिवाकरला.

ऐन मे महिन्यात माझ्या लेकीचा, प्रांजलीचा, कबड्डीचा अंतिम सामना होता आणि दिवाकर आमचा घाम घेऊन मित्राच्या वरातीत नाचायला गेला. सामन्याआधी आणून देतो म्हणाला होता. वरात कधी वेळेवर पोचली आहे?

समोर खरवडच्या मुली होत्या आणि काय सामना झाला म्हणून सांगू! त्यांची कप्तान रोशनी घामाने अशी निथळत होती की कोणाच्याच हाती लागेना. आमच्या इतर मुलींचे हातही ओलेच. पण प्रांजली कोरडी ठणठणीत. तिने घोटा धरला की विषय संपला. तिने रोशनीला बाद केलं तेव्हा मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो आणि बायकोने, मंदाने, सदरा धरून मला खाली ओढलं. मी पुन्हा चढलो.

शेवटी आमच्याकडची प्रांजली एकटी उरली. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि शेवटची चढाई आमची होती. ती उठायला गेली आणि तशीच खाली बसली. तोंड लालबुंद, डोळे तारवटलेले. अंगावर ओलं फडकं टाकलं तर बघता बघता सुकलं. पंचांनी तिच्या कपाळाला हात लावला.

"पोरगी भट्टीवानी तापली. घाम कुठी हाय इचा?"

"वरातीत," मी म्हणालो.

"कवा येते?"

"निघालो म्हणते फोनवर."

"निघालो म्हणते म्हणजे अजून नाचूनच राह्यला," मंदा म्हणाली.

पंच गंभीर झाले. "इतकी गरमी सावलीत बसून उतरत नाही. अन् पोरगी बसली तं सामना खरवडचा."

तेवढ्यात बाहेर बसलेली रोशनी उठून आली. "आमच्या घरचा घे," ती प्रांजलीला म्हणाली. "मी तं बाद झाली. इथं बसून मले काय कामाचा?"

पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. "देता येते. पण दुसऱ्या घरचा घाम घेतला का पोरगी त्या घरची होते. लग्नात सासू सुनेच्या कपाळाले हात लावते, ते याच्याचसाठी. दोन्ही घरच्यायनं हाव म्हटलं तं मले काही अडचण नाही."

रोशनीची आई शोभाबाई पुढे आली. तिने प्रांजलीला नीट न्याहाळलं.

"जेवते ना सगळं?"

"कारलं सोडून," मंदा म्हणाली.

"चालते. आमच्यातही कोणी खात नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी प्रांजलीकडे पाहिलं. तिचे ओठ फुटले होते, तरी ती मध्यरेषेकडेच बघत होती. "बाबा, मले खेळाचं हाय," ती म्हणाली. मी हाव म्हणालो.

रोशनीने तिच्या कपाळावर हात ठेवला. ती कोरडी झाली आणि माझी पोर भिजली. असा श्वास घेतला तिने, मला माझ्याच छातीत गार वाटलं. ती उठली, चढाईला गेली, एकीला पाय लावला, दुसरीच्या खांद्याला बोटं. तिघींनी कंबर धरली, दोघींनी पाय. पण साबणाची वडी कोणी धरून ठेवली आहे का? ती सुळकन निसटली आणि तिचा हात रेषेवर पडला. पाच गुण. आम्ही जिंकलो. मी खुर्ची मोडली.

मग मोटारसायकलवरून दिवाकर आला, चिंब भिजलेला, गुलालाने माखलेला. त्याने धावत जाऊन प्रांजलीच्या कपाळावर तळहात टेकवला. मग दुसरा हात टेकवला.

"जात नाही, दादा," तो म्हणाला.

"आता नाही जायचा," पंच म्हणाले आणि चषक द्यायला गेले.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढून लेकीचा चेहरा पुसायला गेलो. शोभाबाईने माझा हात हळूच बाजूला केला. "भाऊ, घाम आमचा हाय," ती म्हणाली. "आमीच पुसू."

तिचं बरोबरच होतं. तिने पदराने पुसला, चांगला पुसला, कानामागेसुद्धा. मग चषक हातात घेऊन प्रांजली खरवडच्या टेम्पोत रोशनीशेजारी बसली. टेम्पो निघाला. तिला वारा लागत असणार, अंग गार पडलं असणार. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही हात हलवत राहिलो.

डोळ्यांतलं पाणी मात्र आमच्याकडे ज्याचं त्याला वेगळं असतं. त्यामुळे मला, मंदाला आणि दिवाकरला पाळी लावावी लागली नाही.