जिजाबाईच्या गाठीचा दर्जा

आजार कितीही खरा असला तरी त्याला दर्जा मिळाल्याशिवाय तो कामाचा नसतो. माझी बायको जिजाबाई मागच्या सोमवारी सकाळी वारली, तेव्हा दारात आलेल्या प्रत्येकाने विचारले, "असं कसं झालं, रंगरावभाऊ?" सगळे नियमाने झाले, हे एकेकाला सांगून थकलो, म्हणून लिहून ठेवतो.

कारंजा गावाजवळ आमचा भाजीचा मळा आहे. जुन्या काविळीने जिजाबाईचे लिव्हर खराब झाले होते, त्यात एक गाठ दिसली. लिव्हर बदलणे हाच उपाय. पण लिव्हर थोडी आणि माणसे फार, म्हणून यादी असते. गाठीच्या जोरावर यादीत वर जायचे, तर आधी गाठीने पात्र व्हावे लागते. स्कॅन बघून तिला एक ते पाच दर्जा देतात. एक म्हणजे निर्धोक. पाच म्हणजे नक्की कॅन्सर. तीन म्हणजे डॉक्टरांना सांगता येत नाही (हे ते आकड्यात कबूल करतात, हा त्यांचा मोठेपणा). पात्र व्हायला पाचच हवा. शिवाय गाठ दोन सेंटिमीटरहून लहान नको, पाचाहून मोठी नको. बाजारात न्यायची वांगी आम्हीही अशीच निवडतो, त्यामुळे मला हे लगेच पटले.

पहिल्या स्कॅनला दर्जा तीन, गाठ दीड सेंटिमीटर. तीन महिन्यांनी या, म्हणाले. दुसऱ्याला दर्जा चार, गाठ एक पूर्णांक नऊ.

"साहेब, एवढ्याशानं काय होते? दर्जा पाच अन् गाठ दोन लिहून टाका ना," मी म्हणालो.

"काका, नियम म्हणजे नियम," डॉक्टर म्हणाले. इतके चोख माप मी आजवर कोणत्याही काट्यावर पाहिलेले नाही.

परतीच्या एसटीत जिजाबाई फुगून बसली. "काकड्या भराभर वाढवता, अन् बायकोची एक गाठ वाढवता येत नाही तुमाले?"

"खत टाकू काय?"

"टाका. पण युरिया नको, मले उष्ण पडते."

पुढच्या बाकावरची बाई उठून मागे जाऊन बसली.

तिसऱ्या स्कॅनला दर्जा पाच, गाठ दोन पूर्णांक सहा. सून सुचिताने रिपोर्ट वाचला आणि तोंडाला पदर लावला. जिजाबाईने शेजारी पेढे वाटले.

"कायचे पेढे, वहिनी?" शेजारच्या रामरावने विचारले.

"पास झाली मी. पाचापैकी पाच!"

कागद यादी ठरवणाऱ्या समितीकडे गेले. समितीने ते तीन महिने नीट पाहिले आणि स्कॅन जुना झाला म्हणून नवा मागवला. नव्यात गाठ पाच पूर्णांक दोन. मग गाठीत औषध सोडून ती लहान करून आणायला सांगितले.

"आधी वाढवा, आता कमी करा," जिजाबाई म्हणाली. "माय, ब्लाऊज शिवून राह्यले काय हे?"

गाठ साडेचारवर आली. कागद पुन्हा गेले. सोमवारी जिजाबाई वारली. गुरुवारी मंजुरी आली. आता ती यादीत चौथी आहे. इतका वरचा नंबर तिला जन्मात मिळाला नव्हता.

तुमच्या घरचे कोणी पाचव्या नंबरावर असेल, तर दवाखान्याला बोल लावू नका. यादीतून तिचे नाव काढायला मी फक्त मृत्यूचा दाखला नेऊन द्यायचा आहे. दाखला माझ्या खिशात आहे. मी अजून गेलेलो नाही.