गहिनीनानांचा भोंगा

गहिनीनानांच्या वावराकडून जाताना शिव्या खायची तयारी ठेवावी लागते. मागच्या साली आमच्या संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी अणदूरजवळच्या त्यांच्या बांधावरून निघाले होते, तर उभ्या ज्वारीतून बाईचा आवाज कडाडला, "आरं मुडद्यांनो, उठा! तुमच्या बापानं पेरलंय व्हय?" मी गठ्ठा खाली टाकला आणि कमरेवर हात ठेवले. भांडायला मी मागं नसते. पण समोर माणूसच नव्हतं. बाभळीला एक भोंगा बांधलेला आणि खाली नाना तंबाखू मळत बसलेले.

"तुला न्हाय पोरी," ते म्हणाले, "पाखरांला."

देवळानं टाकून दिलेला भोंगा, फवारणी पंपाची बॅटरी, छोटी सौर पाटी आणि एक मेमरी कार्ड. एवढ्यावर नानांनी हा 'राखण्या' उभा केलाय. दर दहा मिनिटांनी तो ओरडतो.

"आवाज कुणाचा?"

"तुझ्या काकूचा. गोफणीपेक्षा लांब जातो."

काकू तीन वर्षांपासून पुण्यात, लेकाकडं, नातू सांभाळायला. नानांना दोन एकर आणि एक म्हैस सोडून हलता येत नाही. फोनवर तर ते दोन वाक्यांचे धनी. "फोन कामापुरता असतो. गप्पाला पार हाय." पण आठ दिवसांत पाखरं जुन्या आवाजाला सरावतात, म्हणून दर रविवारी ते काकूंकडून फोनवर 'नवा माल', म्हणजे ताज्या शिव्या, भरून घेतात. "शास्त्र हाय त्याला," हे नानांचं पालुपद.

काकू सुरुवात पाखरांपासून करतात, पण गाडी नानांवर येतेच. त्यामुळं भर दुपारी रानात "बीपीची गोळी घेतली का?" असंही गरजतं आणि शेजारी खुरपणाऱ्या बाया एका सुरात विचारतात, "घेतली का वो नाना?" तेवढा भाग नाना पुसत नाहीत.

"ही काय शिवी झाली?" मी एकदा म्हणाले.

"पाखरू बिचकतं. शास्त्र हाय त्याला."

आता मी स्पष्टच लिहिते. सातवी नापास माणूस भंगारातून पीक वाचवतो आणि त्याची दखल घ्यायला कुणाला वेळ नाही. शेतीखात्याचे एक साहेब आले, फोटो काढला, म्हणाले, "आमच्या अर्जात असा रकाना नाही." मी पेटले. पत्रक काढलं, 'शेतकऱ्याच्या डोक्याला रकाना द्या!' नाना मात्र थंड. गावात चार जणांना त्यांनी राखण्या बनवून दिला. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी मी त्यांचा स्वतःचा मागितला, तर यंत्र दिलं आणि कार्ड काढून कनवटीला लावलं.

"आमच्या पथनाट्यातल्या पोराचा दणदणीत आवाज भरते," मी म्हणाले.

"भर. माज्या बाभळीवर न्हाय."

ज्ञान सगळ्यांचं असतं यावर मी त्यांना अर्धा तास सुनावलं. ते तंबाखू मळत राहिले.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या रानपूजेला, त्यांनी मला रानात जेवायला बोलावलं. पूजेला कडब्याची कोप, मिसळ भाज्यांची भज्जी, मडक्यात आंबील. काकू येणार होत्या, पण नातवाला ताप आला आणि राहिल्या. तसा फोन आला तरी नाना दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आले.

जेवणं झाल्यावर त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. "नवा माल पायजे. लई पाखरं पडल्यात."

तेव्हा कुठं मी वावराकडं नीट पाहिलं. बांधापासून बांधापर्यंत कांदा. ज्वारीचं एकही उभं ताट नव्हतं. वर्षभर मी नुसतं यंत्र बघत होते.

"अवो," पलीकडून काकू म्हणाल्या, "औंदा कांदा लावलाय न्हवं? कांद्यात कुटली पाखरं?"

नाना मडक्याच्या काठावरची आंबील बोटानं पुसत राहिले. माझ्या ओठावर काहीतरी आलं होतं, ते मी गिळलं.

पलीकडं काकूंनी घसा साफ केला. "बरं. धरा फोन नीट."

थोड्या वेळानं बाभळीवरून आवाज रानभर गेला, "आरं मुडद्यांनो, जेवलात का?"

"व्हय," नाना बाभळीला म्हणाले.