रोह्याच्या गणपतीची तिरकी नजर

गणपतीचे डोळे आखताना हैबतराव कारखान्याचं दार आतून लावून घ्यायचे. पेणमध्ये घरोघरी मूर्ती होतात, तेव्हा आपली आखणी चोरणारा शेजारीच असणार, ही त्यांची खात्री. चाळीस वर्षांत त्यांचा एक डोळा चुकला नव्हता आणि तो आखताना कुणी पाहिला नव्हता. यंदा मात्र सुनेने, मालूने, समोर मोबाईल लावला.

"हे काय गो?"

"रोह्याचं मंडळ आता पोरांकडं गेलंय, आबा. डोळे आखतानाचा व्हिडिओ पायजे म्हणतात. नाय दिला तर मूर्ती दुसरीकडं बघतील."

तीस वर्षांचं गिऱ्हाईक जाणार म्हटल्यावर हैबतराव कुरकुरत बसले.

"ही तार कसली?"

"चार्जिंगची."

"तारेतून समोरच्या कारखान्यात काय जात नाय ना?"

"नाय हो आबा."

सून एवढ्या पटकन नाही म्हणते म्हणजे पाणी मुरतंय. हैबतरावांनी एक नजर ब्रशवर आणि एक मोबाईलवर ठेवून काम उरकलं. मालू जवळ येऊन बघत राहिली.

"आबा, बाप्पा मोबाईलकडं बघतोय. तुमच्यासारखाच."

हैबतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते डोळे पुसणार तोच मंडळाच्या अध्यक्षाचा, अक्षयचा फोन आला. "काका, वहिनींनी आत्ता पाठवलेला व्हिडिओ बघितला. डोळ्यांना हात लावू नका."

पोरं गावभर थट्टा करणार, हे हैबतरावांनी ओळखलं. मूर्ती गेली, पण त्यांना चैन पडेना. चतुर्थीनंतर तिसऱ्या दिवशी खिशात ब्रश आणि रंगाची डबी घालून ते रोह्याला पोचले. आरतीला मांडव पोरापोरींनी भरला होता.

"एवढी पोरं कुठून आणलीस?" त्यांनी अक्षयला संशयानेच विचारलं.

"आपणहून आली, काका. मांडवामागं पत्ते कुटणारेपण पुढं येऊन बसतात. म्हणतात, बाप्पाला सगळं कळलंय."

हैबतरावांनी वर पाहिलं. गणपती थेट त्यांच्या खिशाकडे बघत होता. त्यांनी गुपचूप हात जोडले.

पुढच्या वर्षी पाच मंडळांनी तशीच नजर मागितली. हैबतराव दार लावून बसले. पहिली मूर्ती शांत, सरळ बघू लागली. पुसून पुन्हा आखले, तरी डोळे सरळच. हात सवय सोडेना. शेवटी त्यांनी दार किलकिलं केलं.

"मालू, तो मोबाईल लाव गो समोर."

"लावते, आबा."

"आणि तार चार्जिंगची हाय, असं यंदा सांगू नको."