हात न लागलेला लाडू

पदार्थ कशाचा केला आहे यापेक्षा त्याच्या वेष्टनावर काय छापलं आहे, यावर त्याची पौष्टिकता अवलंबून असते. हे सत्य आमच्या चिंचवडच्या 'पवनाकाठ पौष्टिक खाद्य मंडळी'ला १९५६ साली उमगलं. तोवर आम्ही अज्ञानात होतो. मावळातली नाचणी, गावरान गूळ, साजूक तूप आणि वेलदोड्याचा वास एवढ्या भांडवलावर लाडू करून ते पळसाच्या पानात बांधत होतो, आणि पिंपरीच्या नव्या कारखान्यांतली माणसं ते मुकाट खात होती. (तक्रार एकही नव्हती. यावरूनच आमचं मागासलेपण दिसतं.)

मग आमचे चेअरमन हिंदुराव मुंबईचं प्रदर्शन पाहून आले. तिथे एका बिस्किटाच्या पुड्यावर 'मानवी हाताचा स्पर्श न होता तयार केलेले' असं वाचून त्यांना स्वतःच्या हातांची लाज वाटली. परतीच्या प्रवासात हात खिशातच होते. लवकरच आमच्याकडेही मेणकागद आला आणि त्यावर निळ्या अक्षरांत तेच वाक्य आलं. अडचण एकच उरली. लाडू अंबूबाई वळत होत्या, आणि त्या हातानंच वळत होत्या.

या हातांविषयी दप्तरी फारशी नोंद नाही. ते नाचणीच्याच रंगाचे होते. गरम पिठात शिरून ते मिटत, तेव्हा घरट्यात पाखरू बसावं तसा लाडू तळव्यात बसे. वर ओठांवर ओवी असे.

अंबूबाईंना काढावं, तर लाडू कोण वळणार? वाक्य काढावं, तर कागद छापून झालेला. अखेर कोर्टात कारकुनी केलेले सेक्रेटरी भिमाजी यांनी मार्ग काढला. बंदी मानवी हाताला आहे. तेव्हा हे हात मानवी नाहीत असं ठरवलं की झालं. ठराव एकमताने मंजूर झाला. उजवा हात यंत्र क्रमांक एक, डावा क्रमांक दोन. वंगण खोबरेल तेलाचं. बांगड्या हे सुटे भाग. आवाज ओवीसारखा, दुरुस्तीची गरज नाही. (उरलेल्या अंबूबाई यंत्राचं जोतं म्हणून दाखल झाल्या.)

ठराव ऐकून अंबूबाईंनी हात उलटेसुलटे करून पाहिले. "मंजी घरला जाताना ह्ये हितंच ठिवून जायाचं का?"

देखरेखीसाठी सोबत नेण्याची परवानगी मिळाली.

श्रावणात तळेगावहून सांगावा आला. अंबूबाईंची लेक छबू बाळंत झाली होती, हे दुसरं. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, बाळाला न्हाऊ घालायला कुणी नाही. अंबूबाईंनी रजा मागितली. हिंदुरावांनी नियम पाहिले. ते मनाने उदार आहेत.

"तुम्हाला रजा आहे, अंबूबाई. खुशाल जा. यंत्रं तेवढी इथं राहतील."

अंबूबाई म्हणाल्या, "साहेब, कालधरनं यंत्र करकरतंय." आणि त्यांनी दहाही बोटं एकामागून एक मोडून दाखवली. आवाज सभागृहात सर्वांनी ऐकला. जोखीम नको म्हणून यंत्रं जोत्यासकट तळेगावला दुरुस्तीसाठी रवाना करण्यात आली.

तिथल्या कामाचा अहवाल त्यांनी पुढे तोंडीच दिला, तोही ओवीत:

तान्ह्याला न्हाऊ घालू, पानी कोमट तपेल्यात,
चांद वळून ठेवियेला माझ्या दोन्ही तळव्यांत.

इकडे चिंचवडला लाकडी साच्यात, चमच्याने सारण दाबून लाडू सुरू झाले. वेष्टनावरचं वाक्य प्रथमच खरं ठरलं. सगळे लाडू एकसारखे गोल होते, खाली पडले तरी फुटत नव्हते. (दातांखालीही नाही.)

आणि पत्रं येऊ लागली. लिहिणारी सारी सुशिक्षित मंडळी, हात लागलेलं चालत नाही म्हणून मुद्दाम आमचाच पुडा घेणारी. प्रत्येकाचा प्रश्न एकच: "लाडू वळणारा हात बदललात काय?"

लाडवाला हात कधी लागलाच नव्हता, असं आम्ही सर्वांना नम्रपणे कळवलं. अंबूबाई दुरुस्त होऊन परतल्या, बांगड्यांत दोन हिरव्या जास्त घालून, आणि तक्रारी थांबल्या.

ती पत्रं अजून आमच्याकडे आहेत. त्यांत एक आपलंही आहे, वाचकहो. सही वाचता येत नाही, पण कोपऱ्यावर तुपाचा अंगठा स्पष्ट उमटला आहे. तो मानवी असावा, असा मंडळीला दाट संशय आहे.