नन्नासाहेबांचा होकार

पालिकेच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाला सगळं शहर नन्नासाहेब म्हणत असे. खिडकीशी कोणी वाकलं, की त्याने तोंड उघडण्याआधी साहेबांचा नन्नाचा पाढा सुरू होई. 'हे आमच्याकडे नाही. आज नाही. अशा अर्जावर तर मुळीच नाही.' घरी बायकोने "जेवायला वाढू ना?" विचारलं, तरी आधी 'नाही' म्हणून मगच ते ताटाकडे वळत. लोक त्यांना चार शिव्या घालत आणि आपापल्या मार्गाने कामाला लागत. एकंदरीत कारभार सुरळीत चालला होता.

मग नव्या आयुक्तबाई आल्या. नागरिक नाराज आहेत, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. सखोल विचारांती असं आढळलं, की नाराजीचं कारण कामं होत नाहीत हे नसून, ती होणार नाहीत असं लोकांना सांगितलं जातं, हे आहे. सबब, 'जुन्या सवयींचे निर्मूलन व सकारात्मकतेचा अंगीकार' या विषयावर सर्व कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घेण्यात आलं.

"नकार हा गंज आहे," टायवाले प्रशिक्षक म्हणाले. "खरवडून काढा! 'होय' म्हणायला शिका!"

"पण काम खरंच होणार नसेल तर?" नन्नासाहेबांनी विचारलं.

"कामाचं कोण बोलतंय? आपण सवयीबद्दल बोलतोय."

नन्नासाहेबांनी ते फारच मनावर घेतलं. इतर जण चहा पिऊन परतले. हे मात्र घरी आरशापुढे उभे राहून 'होय, होय' घोटू लागले. बायको दाराशी येऊन म्हणाली, "अहो, दाढ दुखतेय का?"

"नाही... होय!"

तिने लवंग आणून दिली. त्यांनी ती निमूटपणे चघळली.

दुसऱ्याच दिवशी खिडकीवर एक शिंपीण आली. तिच्या दुकानाच्या पायरीपुढच्या गटारावरचं झाकण गायब झालं होतं. नेहमीचा नकार गृहीत धरून ती बोलता बोलताच परत वळली होती.

"होय," साहेब म्हणाले. "होईल."

ती थबकली. "काय म्हणालात?"

"होय."

ती इतकी गांगरली, की आभार मानायला जिन्यावरून दोनदा परत आली.

नन्नासाहेबांनी तक्रार गटार विभागाकडे पाठवली. तिथलेही प्रशिक्षण घेऊन आले होते. ते होय म्हणाले. त्यांनी ती भांडार विभागाकडे धाडली. भांडारपालही हसतमुखाने होय म्हणाला. पूर्वी एखादं टेबल तरी तक्रार अडवायचं, तेव्हा ती कुठे अडली ते कळायचं. आता ती सगळीकडून मंजूर होत फिरत राहिली.

पंधरवड्याने शिंपीण पुन्हा आली. तिने आवाज चढवला नाही.

"सासूबाई पडल्या गटारात. मांडीचं हाड मोडलं."

नन्नासाहेबांनी चष्मा काढला.

"मी फळी टाकणारच होते हो. त्याच म्हणाल्या, कशाला खर्च करतेस, साहेब स्वतः हो म्हणालेत ना. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर त्याच दिवशी टाकली असती मी."

साहेबांच्या तोंडून 'होय' फुटेना, आणि 'नाही' म्हणायलाही जीभ रेटेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी भर दुपारी खिडकी ओढून घेतली, सुताराकडून जाड फळी आणली आणि गुडघे टेकून ती गटारावर ठोकायला घेतली. शिंपीण दुसरं टोक धरून बसली.

"जपून हो, बोट चेचेल."

"चेचू दे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. कार्यालयीन वेळेत प्रत्यक्ष काम केल्याचा ठपका गंभीर होता.

"परवानगी घेतली होती?" आयुक्तबाईंनी विचारलं.

"नाही."

"बघा, जुनी सवय उलटली!" प्रशिक्षक हळहळले.

"पुन्हा असं कराल?" बाईंनी विचारलं.

"होय."

प्रशिक्षक टाळी वाजवणारच होते; पण बाईंचा चेहरा पाहून त्यांनी हात खिशात घातले.

नन्नासाहेबांची बदली मागच्या खोलीत झाली, जिथे कोणी काही विचारायला येत नाही. फळी अनधिकृत ठरवून उचलण्यात आली. शिंपिणीने त्याच संध्याकाळी दुसरी टाकली, या वेळी कोणालाही न विचारता.

वर्षअखेरीस पालिकेने घरोघरी फोन करून विचारलं, 'आमच्या सेवेवर आपण समाधानी आहात ना?' शिंपीण तेवढी स्पष्ट 'नाही' म्हणाली. तिच्यापुढे 'संपर्क होऊ शकला नाही' अशी नोंद झाली. बाकी सगळे म्हणाले, "हो हो, ठेवा आता." आपली पालिका समाधानात पहिली आली.

तो फोन तुम्हालाही आला होता. दारातलं उघडं गटार ओलांडता ओलांडता तुम्ही काय उत्तर दिलंत, ते आमच्याकडे नोंदलेलं आहे.